लांब बारीक टेपर मँड्रेल सीएनसी लेथवर काढायचं असेल तर

सगळ्यात आधी एक गोष्ट, या जॉबचा (म्हणजे कापायच्या तुकड्याचा) प्रोग्राम दहा मिनिटांत लिहून होतो आणि तो लिहिता आला म्हणजे जॉब जमला असं वाटतं, तिथेच माणूस फसतो. लांब बारीक जॉबमध्ये टूल जिथे जायला सांगितलंय तिथेच जातं, जॉब मात्र जागेवर थांबत नाही. तो वाकतो, गरम होऊन लांबतो, आतला ताण सुटला की केळ्यासारखा होतो, आणि मायक्रोमीटरसुद्धा टेपरवर (निमुळत्या भागावर) खोटं बोलतो. म्हणून खाली प्रोग्रामचं थोडं आणि जॉब सरळ कसा ठेवायचा याचं जास्त लिहिलंय.

उदाहरण म्हणून एकच ड्रॉइंग धरू म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. फायबरच्या नळ्या गुंडाळायला लागतं तसं मँड्रेल (ज्याच्यावर नळी गुंडाळून मग काढून घेतात तो साचा), टेलस्टॉककडचं (चकच्या समोरून जॉबला आधार देतो त्या भागाकडचं) टोक १८ मिमी डायाचं, म्हणजे व्यासाचं, तिथून ४०० मिमी लांबीत ३० मिमी पर्यंत सरळ टेपर, मग २५ च्या रेडियसने ३६ मिमी च्या बॉडीला मिळतं, बॉडी साधारण १०० मिमी. रॉ मटेरियल ४० चा बार, चकमध्ये (जॉब पकडून फिरवतो त्यात) धरायला ४० मिमी लांबी जास्त ठेवलेली. म्हणजे चकच्या बाहेर अर्धा मीटर लोंबकळतंय आणि बराचसा भाग २५ डायाच्या आत. लांबी भागिले डाया केलं तर वीसच्या आसपास येतं. नुसत्या चकमध्ये तीन-चार पटीपर्यंत निवांत चालतं, टेलस्टॉक लावून दहापर्यंत, त्याच्यावर गेलं की डोकं लावावं लागतं.

किती वाकतं ते एकदा कागदावर काढून बघा, डोळे उघडतात. २० डायाचा स्टीलचा बार, ५०० मिमी लांब, टूल त्याला बाजूने १०० न्यूटनने ढकलतंय असं धरू. टेलस्टॉक नसेल आणि टोकाला कट लागला तर बार अडीच मिमी पेक्षा जास्त बाजूला जातो. टेलस्टॉक लावला आणि चकमध्ये पक्का धरला की मधोमध तोच आकडा ०.०७ मिमी वर येतो. भारी वाटतं ना, पण ०.०७ म्हणजे डायात ०.१४ जास्त, आणि तेही फक्त मध्ये, दोन्ही टोकांना जवळपास शून्य. यालाच आपण जॉबला पोट सुटलं म्हणतो. आणि डाया निम्मा केला की वाकणं दुप्पट नाही, सोळापट होतं, लांबी दुप्पट केली की आठपट. त्यामुळे ड्रॉइंगवाल्याने "फक्त थोडं बारीक करा" म्हटलं तर ते थोडं नसतं.

मटेरियलपासून सुरुवात करा. कोल्ड ड्रॉन ब्राइट बार दिसायला चकाचक आणि साइजला बरोबर असतो, म्हणून मोह होतो, पण त्याच्या कातडीत ओढतानाचा ताण भरलेला असतो आणि वरचा थर काढला की तो वाटेल तसा वळतो. माझं पहिलं मँड्रेल मी असंच ब्राइट बारमधून काढलं, लेथवर डायल (बारीक सरक काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावली तेव्हा २ मायक्रॉन आऊट, मी खूश, चक ढिला करून टेलस्टॉक मागे घेतला आणि सरफेस प्लेटवर लोळवलं तर मध्ये उजेड दिसत होता. चुकी माझीच, कारण रफिंगनंतर (जाड कापणी झाल्यावर) एकदासुद्धा जॉब मोकळा केला नव्हता. नॉर्मलाइज केलेला ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) किंवा आधीच हार्ड-टेंपर केलेला ईएन-१९ (अलॉय स्टील) घ्या. ब्राइट बारच हातात असेल तर डायात दोन-अडीच मिमी ठेवून रफ करा आणि ५५० ते ६०० डिग्रीला स्ट्रेस रिलीव्ह करून, म्हणजे तापवून आतला ताण काढून आणा, भट्टीत उभा टांगून, आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनाने बसतो. टेंपर केलेलं मटेरियल असेल तर हे तापमान टेंपरिंगच्या खाली ठेवायचं, नाहीतर हार्डनेस गेला.

आता सेंटर, म्हणजे टेलस्टॉकचं टोक बसायला बारच्या तोंडावर केलेलं होल. या जॉबमध्ये सगळं त्या एका छोट्या होलवर उभं आहे आणि लोक तिथेच घाई करतात. फेसिंग (बारचं तोंड सपाट करणं) आधी करून घ्या, नंतर टेलस्टॉक लागल्यावर फेस करता येत नाही. ६० डिग्रीचं सेंटर ड्रिल, शक्यतो बाहेर १२० डिग्रीचं चेंफर पडतं ते, म्हणजे जॉब कुठे आपटला तरी बसायची जागा खराब होत नाही. होल करताना बार चकच्या बाहेर जेमतेम राहील असा धरा. लांब लोंबता ठेवून सेंटर मारलं की ड्रिल भटकतं आणि होल गोल न होता तीन कोनी होतं, मग तो तीन कोनी आकार सगळ्या जॉबवर छापला जातो.

बार आत सरकवताना स्पिंडलच्या मागून बाहेर येत असेल तर तिकडे लक्ष द्या. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. मागे विनाआधार दीड-दोन फूट बार लोंबत असेल आणि तुम्ही जास्त आरपीएम दिला तर तो एका क्षणात काटकोनात वाकून चाबकासारखा फिरायला लागतो आणि समोर जे असेल ते फोडतो. मागे बाहेर काहीच येऊ देऊ नका, येणारच असेल तर बार कापून घ्या.

टेलस्टॉक लाइनमध्ये आहे का ते टेस्ट बार लावून डायलने बघा. आडव्या दिशेने ०.०२ सरकलेला असेल तर टोकाला डायात ०.०४ चा फरक येतो. उभ्या दिशेने तेवढाच फरक असेल तर डायात कळणारसुद्धा नाही, त्यामुळे वेळ आडव्याला द्या. रिव्हॉल्व्हिंग सेंटर (जॉबबरोबर फिरणारं टेलस्टॉकचं टोक) लांब बारीक नोजवालं घ्या, कारण आपलं टोक १८ चं आहे आणि साध्या सेंटरची बॉडी त्याच्यापेक्षा जाड असते, टूल टोकाशी कट सुरू करायला गेलं की होल्डर बॉडीवर आदळतो. हे सिम्युलेशनमध्ये दिसत नाही, कारण बहुतेक जण सिम्युलेशनमध्ये टेलस्टॉक काढतच नाहीत.

टेलस्टॉकचं प्रेशर किती ठेवायचं याची एक सोपी टेस्ट आहे. जॉबच्या मधोमध बाजूने डायल लावा, शून्य करा, आणि क्विल (टेलस्टॉकची पुढे-मागे सरकणारी दांडी) पुढे आणा. सेंटर बसलं की डायल थोडी हलेल, नंतर प्रेशर वाढवत गेलात आणि काटा सरकतच राहिला तर तुम्ही जॉब धनुष्यासारखा वाकवताय. काटा हलायचा थांबेल तितकं कमी करा. रफिंगला जरा जास्त लागतं, फिनिशला कमी, म्हणजे दोन वेगळी सेटिंग, आळस करू नका.

गरम होण्याचंही इथेच सांगून टाकतो. स्टील दर मीटरला दर डिग्रीला साधारण १२ मायक्रॉन वाढतं, ५०० मिमी चा जॉब १५ डिग्रीने तापला की ०.०९ मिमी लांब झाला. हायड्रॉलिक क्विल असेल तर ती मागे सरकून जागा देते. हाताने आवळून लॉक केलेला टेलस्टॉक जागा देत नाही, मग जॉबला बाजूलाच वाकावं लागतं, आणि तुम्ही म्हणता सकाळी तर बरोबर येत होतं. लॉकवाला असेल तर रफिंगनंतर एकदा ढिला करून परत हलका लावायचा, आणि कूलंट भरपूर, थेंबथेंब नाही.

चकच्या बाजूला रफिंगसाठी जॉ (चकचे जबडे) पूर्ण लांबीने पक्के धरा. फिनिशच्या आधी चक मोकळा करा, जॉबला जसं वळायचंय तसं वळू द्या, डायलने किती आऊट आहे बघा, आणि मग जॉच्या खाली मऊ तांब्याच्या तारेची एकच कडी गुंडाळून हलकं धरा. लांब जॉ जॉबला आपल्या दिशेने वाकवून धरतात आणि सोडलं की तो परत उलटा जातो, तारेच्या कडीवर तो सांध्यासारखा बसतो, जबरदस्ती होत नाही. पण फुकट काही मिळत नाही, सांध्यासारखा बसला म्हणजे तिकडची पकड गेली, वरचा ०.०७ चा आकडा ०.१६ वर जातो. म्हणून हे फक्त फिनिशला, जेव्हा कट हलका असतो. टेलस्टॉक नसताना तार लावायचा विचारही करू नका, जॉब उडून बाहेर येईल.

टूल. बाजूने ढकलणारा जोर कमी हवा, सगळा जोर चकच्या दिशेने जायला हवा. त्यासाठी ९३ डिग्रीचा होल्डर, ४५ डिग्रीवाला नको. नोज रेडियस, म्हणजे टूलच्या टोकाची गोलाई, ०.४, मोठा घेऊ नका. ०.८ ने फिनिश छान येते हे खरं, पण जाड जॉबवर. बारीक जॉबवर मोठा रेडियस म्हणजे जोर थेट डायाच्या दिशेने आणि चॅटरला (कापताना होणाऱ्या थरथरीला) आमंत्रण. इन्सर्ट (टूलची बदलता येणारी पाती) धारदार, पॉझिटिव्ह, पॉलिश केलेली धार असेल तर अजून चांगलं. रफला ५५ डिग्रीचा, फिनिशला ३५ डिग्रीचा. आणि अनेकांना उलटं वाटेल अशी गोष्ट, फिनिशचा कट फार हलका ठेवू नका. ०.०५ चा कट घेतला की नोजची फक्त गोलाई घासत राहते, कापत नाही, सगळा जोर बाजूने. ०.४ नोजला एका बाजूने ०.३ च्या आसपास ठेवा.

फिनिश किती येईल याचा अंदाज फीडवरून येतो, फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठपट. ०.४ नोज आणि ०.२ फीड म्हणजे खाचांची उंची साडेबारा मायक्रॉन, फीड ०.१ केला की तीन मायक्रॉनच्या जवळ. आपल्याला शेवटी पॉलिश करायचंच आहे, ०.१ ते ०.१२ पुरे.

प्रोग्राम. बारीक टोक टेलस्टॉककडे, तिथून चककडे डाया वाढतच जातो, कुठेही खाली येत नाही, म्हणजे जी७१ साठी (थराथराने रफ कापणाऱ्या तयार सायकलसाठी) आदर्श आकार. टेपर काढायचा तर दर मिमी ला डायात ०.०३ वाढ, म्हणजे झेड (टोकापासून लांबीच्या दिशेचं अंतर) उणे १०० ला २१, उणे २०० ला २४, उणे ३०० ला २७, उणे ४०० ला ३०. हे आकडे कागदावर लिहून मशीनला चिकटवा, पुढे मोजायला लागणार आहेत. टेपर एकाच ओळीत न लिहिता या चार तुकड्यांत लिहा, एक्स२१ झेड-१००, एक्स२४ झेड-२०० असं (एक्स म्हणजे डाया), कारण खाली कळेल. जी७१ मध्ये एका बाजूने कट एक ते दीड मिमी, फिनिशला डायात १.२ ठेवा, म्हणजे डायात ०.६ चे दोन कट होतात, एक सेमीफिनिश आणि एक फिनिश.

नोज रेडियस कॉम्पेन्सेशन (टोकाच्या गोलाईची भरपाई) म्हणजे जी४२ लावायचं विसरू नका, टूल ऑफसेटमध्ये (कंट्रोलमधल्या टूलच्या मापाच्या तक्त्यात) रेडियस ०.४ आणि टिप नंबर (टोकाची दिशा सांगणारा) ३. विसरलात तर गंमत अशी की टेपरवर फारसं कळत नाही, आपल्या या टेपरचा कोन एका बाजूला जेमतेम ०.८६ डिग्री आहे, तिथे डायात १२ मायक्रॉन जास्त राहतात इतकंच आणि माणूस ऑफसेट देऊन मोकळा होतो. पण रेडियस जिथे ३६ च्या बॉडीला मिळतो तिथे कोन २८ डिग्रीच्या आसपास होतो आणि तिथे ०.१४ मिमी मटेरियल तसंच राहतं. मग रेडियस गेज लावला की खालून उजेड. बऱ्याच कंट्रोलवर जी७१ च्या आत कॉम्पेन्सेशन धरलं जात नाही, जी७० ला (फिनिशच्या सायकलला) धरलं जातं, त्यामुळे रफ झाल्यावर आकार थोडा वेगळा दिसला तर घाबरू नका. जी४२ जॉबच्या बाहेर हवेत चालू करायचं, जी४० (ते बंद करणारा कोड) सुद्धा हवेतच.

आरपीएमचं म्हणाल तर रफला जी९६ (डाया बदलला तरी कापायचा वेग सारखा ठेवतं) ठीक, पण वर जी५० ने लिमिट टाका, एस१८०० वगैरे. फिनिशला मी जी९७ वापरतो, एकच फिक्स आरपीएम. १२० मीटर स्पीडने जी९६ चालवलं तर १८ डायाला २१०० च्या पुढे आणि ३० ला पावणेतेराशे, म्हणजे टूल पुढे जाताना स्पिंडल सतत वेग बदलतो आणि वाटेत कुठेतरी जॉबच्या स्वतःच्या कंपनाला गाठतो, तेवढ्याच तीस-चाळीस मिमी त रेघा पडतात आणि लोक इन्सर्टला शिव्या घालतात. काही जणांना जी९६ च आवडतं, फिनिश एकसारखी येते म्हणून, त्यांच्याशी भांडायचं नाही.

चॅटर आलाच तर तो आधी ऐकू येतो, मग दिसतो. शिट्टीसारखा बारीक आवाज असेल तर बहुतेक टूल किंवा होल्डर, जाड घुमल्यासारखा आवाज असेल तर जॉब. जॉब असेल तर पहिल्यांदा आरपीएम खाली, दहा-पंधरा टक्के, आणि फीड वर. लोक उलटं करतात, घाबरून फीड कमी करतात, मग टूल अजून घासतं आणि अजून ओरडतं. मशीनमध्ये स्पीड व्हेरिएशनचं फंक्शन असेल, म्हणजे आरपीएम मुद्दाम थोडा खालीवर होत राहतो, तर रफिंगला ते चालू करून बघा, कंपनाला जमायला वेळच मिळत नाही. दार उघडून लाकडाची पट्टी जॉबला टेकवायचा जुना उपाय सीएनसीवर करू नका, मॅन्युअल लेथवरही मला तो कधी पटला नाही.

लांबी-डायाचं प्रमाण पंचविसाच्या पुढे गेलं तर सरळ स्टेडी (जॉबला मध्ये रोलरने आधार देणारं साधन) लावा. अडचण एवढीच की स्टेडीचे रोलर टेपरवर बसत नाहीत, तिथे आधी एक पट्टा गोल आणि समांतर काढून ठेवायचा, टोकाकडचा भाग स्टेडीपर्यंत पूर्ण फिनिश करायचा, मग स्टेडी हलवून उरलेला. जोडाच्या जागी हलकी रेघ दिसते, ती पॉलिशला जाते. स्टेडी नसेल तर दुसरी युक्ती म्हणजे भागाभागाने कापणं, टोकाकडचे १०० मिमी रफ ते फिनिश पूर्ण करा तेव्हा मागचा बार अजून ४० चा जाड आहे, मग पुढचे १००. जाडी आहे तोवर तिचा फायदा घ्यायचा. मटेरियल चांगलं स्ट्रेस रिलीव्ह केलेलं असेल तरच हे जमतं, नाहीतर मागचा भाग कापल्यावर पुढचा फिनिश केलेला भाग आऊट होतो.

आता मोजणं, आणि हा भाग मला स्वतःला उशिरा कळला. टेपरवर साधा मायक्रोमीटर लावला की त्याचे सपाट तोंड, साधारण साडेसहा मिमी रुंद, जाड बाजूच्या कडेवर टेकतात, मधोमध नाही. म्हणजे तुम्हाला वाटतं झेड उणे २०० चा डाया मोजतोय, प्रत्यक्षात सव्वातीन मिमी पुढचा मोजला जातो, आणि दर मिमी ला ०.०३ प्रमाणे जवळपास ०.१ जास्त रीडिंग येतं. मी एकदा हेच खरं धरून सगळ्या जॉबला ०.१ चा ऑफसेट दिला आणि तो स्क्रॅप केला. ब्लेड तोंडाचा मायक्रोमीटर मिळाला तर तो वापरा, नाहीतर हा ०.१ लक्षात ठेवून वजा करा. जागाही नक्की हवी, मार्कर लावून अंदाजे नाही, १ मिमी चुकलं की ०.०३ चुकलं. चांगली पद्धत म्हणजे टूल रीडिंगवरून झेड नेऊन हलकी खूण करायची, फिनिश अलाउन्सवर, ती पुढच्या कटला जाते. आणि जॉब गार होऊ द्या.

सेमीफिनिश झाला की त्या चार जागी मोजा. समजा फिनिशचा अलाउन्स वजा करून १०० ला २१.०३५ निघाले, २०० ला २४.०६, ३०० ला २७.०३, टोकं बरोबर. हेच ते पोट. आता शेवटचा कट सेमीफिनिश इतकाच खोल आणि त्याच फीडने घेतला तर जॉब जवळपास तितकाच वाकणार, म्हणून प्रोग्राममध्ये तेवढंच उलटं टाका, २०.९६५, २३.९४, २६.९७. यासाठीच टेपर तुकड्यांत लिहायला सांगितला होता. पहिल्या फटक्यात ०.०१५ च्या आत येतं. कट सारखा नसेल तर हे गणित चालत नाही, आणि म्हणूनच रफिंगनंतर थेट फिनिश करू नये, रफमध्ये मध्ये जास्त मटेरियल राहिलेलं असतं, फिनिश टूलला तिथे जास्त खोल कापावं लागतं, ते परत तिथेच वाकवतं आणि पोट कमी होतं पण जात नाही.

चिप्सचं एक. बारीक कटला लांब दोऱ्यासारख्या चिप्स निघतात आणि फिरत्या जॉबला गुंडाळतात. मशीन थांबवून हुकने काढा, हाताने नाही, ग्लोव्हज घालून तर अजिबात नाही, ग्लोव्हज हातासकट ओढले जातात.

पॉलिशला २४०, मग ४००, मग ६०० नंबरचा एमरी. फिरत्या जॉबला पट्टी बोटांना गुंडाळून धरायची नाही, दोन्ही टोकं मोकळी, ओढलं गेलं तर सुटून जाईल अशी. मँड्रेल असल्यामुळे शेवटचा हात लांबीच्या दिशेने मारावा लागतो, गोल रेघा राहिल्या तर नळी काढताना त्या प्रत्येक रेघेत अडकते. त्यासाठी स्पिंडल बंद, जॉब काढून व्ही ब्लॉकवर, लाकडाच्या ठोकळ्याला एमरी लावून टोकापासून बॉडीपर्यंत सरळ हात, थोडं थोडं फिरवत.

धरलेले ४० मिमी कापल्यावर तिकडेही सेंटर मारून घ्यायचं असेल तर आत्ताच विचार करा, पुढे कधी परत पॉलिश करायला लेथवर चढवायचं झालं तर दोन्ही सेंटर लागतात. बॉडीवर तांब्याचा पत्रा लावून धरा, डायलने सरळ करा, फेस करा, सेंटर मारा. मग तेल लावून उभं टांगा, रॅकवर आडवं टाकून त्याच्यावर दुसरे बार ठेवू नका.